चालणे होते, पण उठणे होत नाही

वाचकांचे प्रश्न : आहार, व्यायाम आणि दिनचर्या

या महिन्यातील बहुतेक पत्रांत वजनाची चौकशी आहे. ते किती असावे, कसे उतरवावे, उतरत का नाही, असेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. ती पत्रे वाचताना मला मात्र सारखी दुसरीच गोष्ट जाणवत राहिली. वजनाचा काटा आपल्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही, आणि वय वाढू लागल्यावर आपल्याला उभे ठेवतात ते स्नायूच. म्हणून या वेळी त्यांच्याशी नाते असलेलीच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे असून वजन ५२ किलो आहे. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. रोज सकाळी चार किलोमीटर चालते, त्यात खंड नाही. साखर आणि रक्तदाब ठीक आहेत. असे असूनही गेल्या वर्षभरात जमिनीवर बसले की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही आणि एसटीची पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागतो. गुडघे दुखत नाहीत. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री एक भाकरी आणि भाजी, दिवसभरात दोन कप चहा असा आहार आहे. इतके चालूनही असे का व्हावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘गुडघे दुखत नाहीत’ हे तुम्ही लिहिले ते फार बरे झाले, कारण त्यामुळे रोख सांध्यांकडून स्नायूंकडे वळतो. चालण्याने हृदय, फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या चांगल्या राहतात, मन प्रसन्न राहते, रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते. तेव्हा ते मुळीच सोडू नका. परंतु सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या आणि बैठकीच्या मोठ्या स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही, आणि ज्या स्नायूला जोर लावावा लागत नाही तो शरीर हळूहळू कमी करत जाते. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वाढते. आहार अपुरा असेल तर ती आणखी वेगाने होते, आणि वजन मात्र तेवढेच दिसत असल्यामुळे ती घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी असे सांगितले आहे. हा भाग आता सर्वांना पाठ झाला आहे. त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस करावा असेही म्हटले आहे. तो भाग मात्र बहुतेकांच्या कानावर गेलेलाच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

माझ्या तपासणीच्या खोलीत हात नसलेली एक साधी लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. साठीपुढच्या प्रत्येकाला मी तिच्यावर बसवते, दोन्ही हात छातीवर आडवे धरायला सांगते आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजते. ६० ते ६४ वयोगटातील स्त्रीला १२ पेक्षा आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांतील ताकद त्या वयाच्या मानाने कमी आहे असे धरतात. रोज फिरायला जाणाऱ्या कितीतरी स्त्रिया सातव्या-आठव्या वेळेला हात सोडवून मांडीवर टेकतात आणि स्वतःच चकित होतात. ही चाचणी घरी, कोणाला तरी शेजारी उभे करून, अवश्य करून पाहा आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा.

उपचारही त्याच खुर्चीत आहे. एक दिवसाआड, आठ ते दहा वेळा सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. मिनिटभर थांबून आणखी एक फेरा करा. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि जमू लागले की उशी काढा. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे, भिंतीवर तळवे टेकून भिंतीवरचे दंड काढणे आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर चढ-उतार करणे, एवढे त्यात घाला. श्वास रोखू नका. छातीत दुखले, चक्कर आली किंवा सांधा दुखू लागला, तर थांबा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून आवर्जून लिहिते. तुमच्याच जिल्ह्यातील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार हा सर्व प्रजेचा व्यायाम व्हावा म्हणून आयुष्यभर प्रचार केला आणि संस्थानातील शाळांमध्ये तो सुरू केला. सूर्यनमस्कारात हात, खांदे, पाठ आणि पाय यांना एकत्र काम मिळते. तरीही या वयात आधी सहा आठवडे खुर्चीचा व्यायाम करावा आणि मगच दोन-तीन नमस्कारांनी सुरुवात करावी. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डोके खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात.

आता ताटाकडे वळू. तुम्ही दिलेल्या आहारातून माझ्या हिशेबाने दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय प्रौढांसाठी सुचवलेले प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तुम्हाला किमान ४३ ग्रॅम हवीत. वय वाढल्यावर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. दुपारी एक मोठी वाटी उसळ आणि रात्री भाकरीबरोबर वाटीभर घट्ट दही घेतले, तरी किमान प्रमाण गाठले जाते. प्रथिने वाढवली आणि स्नायूंना काम दिले नाही, किंवा काम दिले आणि प्रथिने दिली नाहीत, तर अर्धाच लाभ होतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, वजन ६० किलो. सहा महिन्यांपासून जिमला जातो. तिथल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून त्याने प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा आणला आहे. आम्ही शाकाहारी आहोत. तो म्हणतो की आपल्या जेवणात प्रथिनेच नसतात. पावडरीने मूत्रपिंड खराब होते असे शेजारी सांगतात. काय खरे मानावे?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मुलाचे म्हणणे पूर्ण खरे नाही, पण अगदी खोटेही नाही, हे आधी मान्य करू या. आपल्या जेवणात डाळ रोज असते हे खरे. प्रश्न ती किती असते हा आहे. हे पत्र आले त्या दिवशी मी माझ्याच स्वयंपाकघरात छोटा तराजू घेऊन बसले. तिघांच्या वरणासाठी नेहमीच्या अंदाजाने हातात आलेली तूरडाळ मोजली, ती ६० ग्रॅम भरली. शिजवून, घोटून, पाणी घालून तिचे तीन वाट्या वरण झाले. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिने असतात, म्हणजे एका वाटीत साडेचार ग्रॅमही पुरती नव्हती. वाटी भरलेली होती, वरून तूप होते, रंग सुरेख होता, आणि त्या वाटीत बरेचसे पाणी होते. दुसऱ्या दिवशी एका माणसासाठी ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून, मोड आणून उसळ केली; तीही मोठी वाटीभरच झाली, पण तिच्यातून १० ते ११ ग्रॅम प्रथिने मिळाली. वाटी तीच असली तरी तिच्यात काय किती आहे, याने दुप्पट-अडीचपट फरक पडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्ये २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम असावीत असे म्हटले आहे. ही सर्व वजने कोरड्या धान्याची आहेत. तुमच्या घरात माणशी दिवसाला किती डाळ शिजते, हे एकदा मोजून पाहा. मी ज्या घरांत हा प्रयोग करायला लावला, तिथे हा आकडा ८५ च्या निम्म्यापर्यंतही क्वचितच गेला. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी लायसीन हे धान्यात कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, उलट डाळीत कमी पडणारे मिथिओनिन धान्यात असते. त्यामुळे वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी या आपल्या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. जोडी बदलण्याची गरज नाही. तिच्यातील डाळीचा वाटा वाढवण्याची गरज आहे.

मुलगा वजने उचलतो, म्हणून त्याला किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८५ ते ९५ ग्रॅम प्रथिने उपयोगी पडतील. पोळी, भात, वरण, भाजी यांतून त्याला ४५ च्या आसपास मिळत असतील, असे धरू. अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही यातून १६, ४० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांच्या रश्श्यातून २०, खिशात न्यायच्या ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. हिशेब पूर्ण होतो, आणि खर्च त्या डब्यापेक्षा कितीतरी कमी येतो.

पावडर हे विष नव्हे. पनीर करताना दुधातून जे हिरवट पाणी वेगळे होते, त्यातील प्रथिने काढून आणि सुकवून ती बहुधा बनवलेली असते. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या तरुणाला या प्रमाणातील प्रथिनांनी अपाय होतो असे दिसत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. म्हणून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या. डब्यावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत आहे का ते पाहा. जिममध्ये सुटी विकली जाणारी, नाव नसलेली पावडर, आणि ‘लवकर अंग भरते’ म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने यांना ठाम नकार द्या. त्यांत स्टेरॉइड असू शकते आणि त्याची किंमत यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांना मोजावी लागते. एवढ्या एका गोष्टीवर मुलाशी रागावून नव्हे, तर शेजारी बसून बोला.

प्रश्न : वय ३४, उंची १७५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. संगणकावर बैठे काम. मला कोणीही जाड म्हणणार नाही. कंपनीच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के आले. घरात मधुमेह आहे, पण तो सगळ्यांना पन्नाशीनंतर झाला. मी बारीक असूनही हे कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम तुमच्याच शहरात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे आणि छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला बारीक, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी ही आपल्याकडची ठेवण आहे आणि पुण्याजवळच्या गावांतील अभ्यासात ती नवजात बाळांमध्येही आढळली. तुमचा बीएमआय २२.२ आहे. म्हणून वजन विसरा आणि शिंप्याचा टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका सुरू होतो.

५.७ ते ६.४ टक्के या मर्यादेतील एचबीए१सी ही मधुमेहाची पूर्वावस्था मानली जाते. तिथून मागे फिरता येते, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे, म्हणून घाबरू नका. पण पन्नाशीची वाटही पाहू नका. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. ते कमी असतील आणि दिवसभर खुर्चीत निजलेले असतील, तर साखर जाणार कुठे? दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर लगेच दहा ते पंधरा मिनिटे चाला, मग ते कार्यालयाच्या आवारात असो वा सोसायटीच्या गच्चीवर. आठवड्यातून तीन दिवस बैठका, दंड आणि वजन उचलण्याचा व्यायाम करा. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करून भात शेवटी आणि थोडा घ्या. दिवसात दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा होत असतील, तर केवळ चहातून ३० ते ४० ग्रॅम साखर पोटात जाते. ती २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात बिस्किटे, शीतपेये, मिठाई हे सगळे आले. रात्री साडेदहाला जेवून एकला झोपणे आणि साडेसहाला उठणे असा क्रम असेल तर तोही बदला, कारण सात तासांपेक्षा कमी झोप सतत होत राहिली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि या पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे त्याआधी केलेल्या तपासणीत बदल पुरता उमटत नाही. बरोबर हिमोग्लोबिनही पाहा. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा ठरतो.

प्रश्न : मी सोमवार, चतुर्थी आणि एकादशी असे उपवास गेली वीस वर्षे करते. वय ४६. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स असे होते आणि संध्याकाळी डोके दुखते. उपवास सोडायचा नाही, काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : उपवास सोडायला मी सांगणार नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात प्रथिने नावापुरतीसुद्धा नाहीत. खिचडीला जो काही कस येतो, तो दाण्याच्या कुटामुळे. बटाटा, साबुदाणा आणि तळण यांनी साखर झपाट्याने वाढते आणि तशीच उतरते, शिवाय अशा दिवशी पाणी पिणेही कमी होते. डोके दुखण्याचे मूळ बहुधा या दोन्हींत आहे. आपल्या उपवासाच्या स्वयंपाकात याहून कितीतरी सरस पदार्थ आहेत आणि ते आपण मागे टाकले, याचे वाईट वाटते. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हे पूर्ण जेवण आहे. राजगिऱ्यात १३ ते १४ टक्के प्रथिने असतात. त्याच्या पिठाची भाकरी किंवा थालीपीठ दह्याबरोबर खा. उकडलेले रताळे, काकडीची दाणे घातलेली कोशिंबीर, ताक, दूध, पेरू हे सगळे चालते. खिचडी हवीच असेल, तर साबुदाणा निम्मा करा आणि दाण्याचे कूट दुप्पट घाला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या वाचकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, कारण काही औषधांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

प्रश्न : शेतकरी आहे, वय ५०. दिवसभर शेतात असतो. मला वेगळ्या व्यायामाची गरज आहे का?
— एक वाचक, पारनेर

उत्तर : खुरपणी, पाणी देणे, ओझी वाहणे हे स्वतःच्या हाताने होत असेल तर नाही, पाठ आणि मांडीमागच्या शिरा मोकळ्या करणारे ताण रात्री पाच मिनिटे द्या, एवढे पुरे. पण कामे ट्रॅक्टरने आणि मजुरांकडून होऊ लागली असतील आणि तुमचा दिवस मोटारसायकलवर व बांधावर उभे राहण्यात जात असेल, तर वर पुण्याच्या वाचकाला जे लिहिले आहे ते तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. कवळी सैल झाल्यापासून दोन्ही वेळा दूध-पोळीचा काला खातात, दुसरे काही नको म्हणतात. वर्षभरात खूप वाळले आहेत. शाकाहारी आहेत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : वर्षभरात असे वाळणे केवळ वयाचे मानू नका. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी १२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करून घ्या आणि डॉक्टरांनी एकदा सर्वांगाने तपासावे. शाकाहारी आहार आणि वयामुळे घटलेले शोषण यांमुळे बी १२ ची कमतरता असण्याची शक्यता मोठी आहे. काला काढून घेऊ नका, तो त्यांचा आवडीचा घास आहे. त्यातच दोन चमचे दूध पावडर मिसळा, म्हणजे चवीला न कळता चार-पाच ग्रॅम प्रथिने वाढतील. सकाळी दुधातील नाचणीचे सत्त्व द्या. दुपारी तांदूळ आणि मूगडाळ समसमान घेऊन केलेली मऊ खिचडी, तिच्यावर तूप आणि मेतकूट, असा घास त्यांनी नाकारला तरी चार दिवस थांबून पुन्हा वाढा. जेवताना कोणीतरी त्यांच्याजवळ बसा. एकटा माणूस कमी खातो. मात्र हे सारे सुरू करण्याआधी, याच आठवड्यात, त्यांना दंतवैद्याकडे नेऊन कवळी नीट बसवून घ्या.